कऱ्हाड्यांचा पत्ता आणि कळफलकावरचा ऱ

गेल्या बैठकीत मी या विषयावर अर्धा तास बोललो आणि चर्चा तासभर चालली. उठताना दोघा-तिघांनी सांगितलं, "हे सगळं लक्षात राहणार नाही, लिहून द्या." म्हणून हा लेख. विषय इतिहासाचा नाही असं कुणाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटत होतं. टंकलेखन हे हमालीचं काम, वाचन आणि अर्थ लावणं हे खरं काम, अशी माझी समजूत होती. ती कशी मोडली, ते आधी सांगतो.

बडोद्याचं पत्र

आपल्या मंडळाने फोंड्याकडच्या एका देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या बाळबोधीत उतरवून घेतल्या, हे वाचकांना ठाऊक आहे. काम तिघांनी वाटून घेतलं होतं. त्यातला एक मी. मजकूर संकेतस्थळावर चढवला, वर शोधायची चौकट ठेवली, आणि आपण मोठं काम केलं अशा समाधानात आम्ही होतो.

पुढे बडोद्याहून एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या आजोबांनी लहानपणी सांगितलेलं एवढंच त्यांना आठवत होतं, की आपण गोव्याचे कऱ्हाडे आणि आपला देव फोंड्याच्या बाजूचा. गावाचं नाव माहीत नाही. आडनाव बडोद्यास गेल्यावर बदललेलं. नाताळच्या सुटीत त्या गोव्याला येणार होत्या, आणि आमच्या वह्यांत काही धागा सापडतो का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी चौकटीत "कऱ्हाडे" हा शब्द टाकला. तीन नोंदी आल्या. तिन्ही किरकोळ दक्षिणेच्या, कुठे जाण्या-येण्याचा उल्लेख नाही. मी त्यांना कळवलं, की आमच्या वह्यांत तुमच्या घराण्याशी जुळेल असं काही दिसत नाही. बाई आल्या, दुसरी दोन देवळं पाहिली आणि परत गेल्या.

चार महिन्यांनी मी दुसऱ्याच कामासाठी एक वही पानापानाने वाचत होतो. त्यात कऱ्हाडे भटांच्या नावाची वर्षासनाची नोंद समोर आली: मुलगा गायकवाडी मुलखांत गेला, सबब वर्षासन बंद. नोंद संकेतस्थळावर होती. शब्द नीट उमटलेला होता. तरीही माझ्या शोधात ती आलेली नव्हती. मग मी सगळ्या वह्या डोळ्यांनी चाळल्या, तर "कऱ्हाडे" एकूण अकरा ठिकाणी निघाले. संगणकाला त्यातले तीनच दिसत होते, आणि ते तिन्ही मी स्वतः टंकलेले होते.

एक अक्षर, तीन बांधण्या

असं का झालं, ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपण पडद्यावर आकार पाहतो. संगणक आकार ठेवत नाही, तो प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठेवतो. हे क्रमांक युनिकोड या जागतिक यादीत ठरलेले आहेत. शोध घेताना क्रमांकाशी क्रमांक ताडला जातो, आकाराशी आकार नाही.

आता आपला आडवा रफार घ्या, म्हणजे ऱ्य आणि ऱ्ह यांतला. मराठीला तो हवाच. "दर्यात" म्हणजे समुद्रात आणि "दऱ्यांत" म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्यांत. "आचार्यांना" बोलावलं तर प्रवचन मिळेल, "आचाऱ्यांना" बोलावलं तर जेवण. हिंदीला हा फरक लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी केलेल्या सोयींत तो मागेच पडतो.

हा आडवा रफार संगणकात तीन तऱ्हांनी बांधता येतो.

पहिली तऱ्हा: खाली टिंब असलेलं ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ह. या ऱ चा क्रमांक ०९३१. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जे भारतीय मानक झालं, त्यातही आडव्या रफाराची हीच वाट होती आणि युनिकोडने ती पुढे चालवली.

दुसरी तऱ्हा: साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ह. हे जोडचिन्ह कागदावर उमटत नाही. "इथे वरचा रफार करू नको, आडवा कर" एवढाच निरोप ते संगणकाला देतं. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत ही वाट होती, म्हणून जुन्या मजकुरासाठी ती अजून मोकळी ठेवलेली आहे.

तिसरी तऱ्हा: साधा र, त्याखाली वेगळा नुक्ता, मग हलन्त, मग ह. युनिकोडच्या लेखी ही पहिलीच्या बरोबरीची आहे. म्हणजे नियमाप्रमाणे दोन्ही एकच मानायला हव्यात. पण शोधणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीने तो नियम पाळलेला असतोच असं नाही.

पुढचे दोन शब्द पाहा: कऱ्हाडे, कर्‍हाडे. पहिला पहिल्या तऱ्हेचा, दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा. बहुतेक पडद्यांवर तुम्हाला त्यांत काहीच फरक दिसणार नाही. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत.

आमच्या अकरा नोंदींचा हिशेब असा लागला. माझ्या तीन, पहिल्या तऱ्हेच्या. पाच नोंदी जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून घेतलेल्या, त्या दुसऱ्या तऱ्हेच्या. दोन ठिकाणी र खाली वेगळा नुक्ता दिलेला. आणि एका ठिकाणी सरळ "कर्हाडे", वर रफार. हीच एक चूक डोळ्यांना दिसण्यासारखी होती, आणि ती मुद्रितशोधनात आम्हा तिघांच्याही नजरेतून सुटली. गायकवाडी मुलखाची नोंद दुसऱ्या तऱ्हेच्या पाचांपैकी होती.

जुन्या फॉन्टबद्दल दोन शब्द. युनिकोड रुळायच्या आधी मराठी छपाईसाठी जे फॉन्ट वापरात होते, त्यांत आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत आणि वरून देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. फॉन्ट काढला की खाली अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात ती त्यामुळे. अशी फाइल युनिकोडमध्ये आणता येते. पण रूपांतर करणारी आज्ञावली आडवा रफार कोणत्या तऱ्हेने बांधते, हे तिच्या कर्त्यावर अवलंबून. म्हणून रूपांतर झाल्यावर आधी ऱ्य आणि ऱ्ह तपासा.

टंकायचं कसं, तपासायचं कसं

इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी जे च्या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. हलन्त डी वर, ह यू वर. म्हणजे "कऱ्हाडे" साठी क्रमाने: के, शिफ्ट आणि जे, डी, यू, ई, डावा चौकटी कंस, एस. हाताला बसायला दोन दिवस लागतात, फार नाही.

उच्चाराप्रमाणे इंग्रजीत लिहून देवनागरी मिळवणारे कळफलक पुष्कळांना सोयीचे वाटतात. माझा त्यांना विरोध नाही. पण तिथे शब्द संगणक सुचवतो आणि आपण मान डोलावतो. सुचवलेला आडवा रफार कोणत्या तऱ्हेचा आहे, हे एकदा तपासून घ्यावं.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे मागे खोडायची कळ, बॅकस्पेस. "कऱ्ह" एवढं लिहा आणि एकेकदा दाबत जा. बहुतेक ठिकाणी ही कळ एका वेळी एकच क्रमांक खोडते. आधी ह जाईल, मग हलन्त. आता टिंबवाला ऱ उरला, आणि पुढच्या दाबासरशी तो अख्खा गेला, तर तऱ्हा पहिली. टिंब तेवढं जाऊन र मागे राहिला, तर तिसरी. ह गेल्यावर एक दाब "वाया" गेल्यासारखा वाटला, किंवा आडवा रफार एकदम हलन्ताच्या र मध्ये बदलला, तर मध्ये ते न दिसणारं जोडचिन्ह होतं. तऱ्हा दुसरी.

कळ सापडत नसेल तर आणखी एक वाट आहे. विंडोजवर वर्डमध्ये, तसंच लिब्रेऑफिस रायटरमध्ये, अक्षराचा क्रमांक लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं की त्या क्रमांकाचं अक्षर उमटतं. ०९३१ लिहून दाबलं की ऱ. आकडे मात्र इंग्रजी वळणाचे उमटले पाहिजेत, देवनागरी आकड्यांना ही युक्ती लागू नाही.

ॲ चं दुखणं, आणि ल-श चं नसलेलं दुखणं

ॲ ची गत ऱ सारखीच. "ॲडव्होकेट", "ॲन्टोनियो" असे शब्द आपल्याकडच्या कागदांत पदोपदी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक अ लिहून त्यावर वेगळा चंद्र देत, किंवा हिंदी वळणाचा ऍ वापरत. अ आणि वेगळा चंद्र हे दिसायला हुबेहूब ॲ असतं, पण क्रमांक एकाऐवजी दोन. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा मिळालेली आहे, तेव्हा आपण ॲ हाच धरायचा. संगणकावर हिंदीचा इन्स्क्रिप्ट बसवलेला असेल तर शिफ्ट आणि १ दाबल्यावर ऍ उमटेल. म्हणून आधी कळफलक मराठीचा आहे ना, ते पाहा. नाहीतर ०९७२ ची वाट आहेच.

याच्या उलट प्रकार ल आणि श यांचा. आपला ल पाकळ्यांचा, हिंदीचा दांडीला चिकटलेला. श चंही वळण वेगळं. बैठकीत एका सदस्याने कळवळून विचारलं, "माझा ल हिंदी येतो, मग माझी सगळी वही चुकली का?" नाही. तिथे क्रमांक एकच असतो, वळण फॉन्टचं असतं. फॉन्ट बदला, किंवा काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून द्या, ल आणि श आपल्या वळणाचे होतात. शोधाला काही बाधा येत नाही.

ज्याची चिंता करत होतो ते निर्धोक निघालं, आणि ज्याच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं त्याने घात केला.

सव्वापाचाचे एक्कावन्न

जमाखर्चाच्या वह्यांत आणखी एक खाच आहे. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच, ५॥। म्हणजे पावणेसहा. आमच्या एका उत्साही मदतनिसाने सव्वापाचाचे एक्कावन्न करून ठेवले होते. उभी रेघ त्याने इंग्रजी एक म्हणून वाचली. दुसऱ्याने त्या रेघा वाक्याच्या शेवटचे दंड समजून गाळल्या आणि साडेपाचाचे पाच झाले. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च एका वर्षी दसपट झालेला पाहून मी त्यावर तर्क लढवू लागलो होतो. कुठला उत्सव झाला असेल, कुणी दान दिलं असेल. उत्सव कसला, टंकलेखनाची चूक होती.

२००९ साली युनिकोडमध्ये पाव, अर्धा, पाऊण यांची स्वतंत्र चिन्हं आली आहेत. पण ती दाखवणारे फॉन्ट सगळ्यांकडे नसतात, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला रिकामी चौकट दिसते. म्हणून आम्ही दंडाचीच चिन्हं वापरायचं ठरवलं. एकेरी दंडाचा क्रमांक ०९६४, दुहेरीचा ०९६५. इथेही सापळा आहे: दोन एकेरी दंड शेजारी ठेवले तर ते दुहेरीसारखेच दिसतात. अर्ध्यासाठी नेहमी एकच दुहेरी दंड द्यावा.

पोर्तुगीज कागद: तिथेही तेच

हे सारं देवनागरीपुरतं असतं तर लेख इथे संपला असता. पण गोव्यात काम करायचं म्हणजे अर्धे कागद पोर्तुगीज भाषेतले. १५९५ साली स्थापन झालेल्या आपल्या पुराभिलेखागारात ज्यांनी मान मोडून काम केलं, त्यांना "मोंसोंइश दु रेइनु" हे नाव परिचयाचं आहे. मोसमी वाऱ्यावर ये-जा करणाऱ्या जहाजांतून गोवा आणि लिस्बन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्याचे हे खंड. यातल्या "मोंसोंइश" या एका शब्दात दोन खास अक्षरं आहेत: शेपटीचा सी आणि नागमोडी रेघेचा ओ. आपण यादीत ती साधी सी आणि साधा ओ करून टाकतो. वाचणारा मग "मोन्कोएस" असं काहीतरी वाचतो.

ही चिन्हं नक्षीसाठी नाहीत. नागमोडी रेघेला पोर्तुगीजमध्ये तिल म्हणतात. लेखनिक जागा वाचवण्यासाठी अनुनासिक अक्षर पुरं न लिहिता वर छोटी खूण करत, तिची ही रेघ झाली. काम आपल्या अनुस्वाराचंच. "सांजांव" या सणाच्या नावात पोर्तुगीज लेखनात दोन तिल आहेत, आणि आपण देवनागरीत लिहिताना दोन अनुस्वार देतो. पोर्तुगीज लिहिताना तिल गाळणं म्हणजे मराठीत अनुस्वार गाळण्यासारखंच.

सी खालची शेपटी म्हणजे मुळात खाली लिहिलेला छोटा झेड. ती असली की सी चा उच्चार स, नसली तर अ, ओ, उ यांच्याआधी क. लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांचं आडनाव पोर्तुगीजमध्ये शेपटीच्या सी ने लिहितात, इंग्रजीत झेडने, आणि आपण मराठीत झ ने. शेपटी गाळून नुसता सी टंकला, तर तो पोर्तुगीज नाही, इंग्रजीही नाही. त्या आडनावाचा कुठल्याही यादीतला माणूस सापडायचा नाही.

आणि वंशावळी करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं उदाहरण. पोर्तुगीजमध्ये आजोबा आणि आजी या दोन शब्दांत एवढाच फरक, की शेवटच्या ओ वर टोपी असेल तर आजोबा, आणि उजवीकडे चढणारी तिरकी रेघ असेल तर आजी. उच्चार अनुक्रमे आपल्या ओ आणि ऑ सारखा. दोन्ही साधे टंकले तर कागदातली आजी कुठली आणि आजोबा कुठले, हे कुणालाही सांगता येणार नाही. मालमत्तेच्या वाटणीचा कागद असेल, तर एवढ्याशा खुणेने अख्खी शाखा इकडची तिकडे होते.

एक सावधगिरी मात्र हवी. पोर्तुगीज लेखनाचे नियम १९११ साली बदलले. त्याआधीच्या कागदांत खुणा आजच्या नियमाप्रमाणे असतीलच असं नाही. कागदावर खूण नसेल तर आपण पदरची घालायची नाही. आपल्या जुन्या मराठीबाबतही हेच. १९६२ च्या नियमांनी "येथें", "गांव" यांवरचे अनुस्वार गेले, पण वहीत ते असतील तर उतरवताना ठेवायचे. आजचं रूप शोधासाठी वेगळ्या रकान्यात द्यावं.

पोर्तुगीज अक्षरांच्या कळा

विंडोजवर, उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असलेल्या कळफलकावर, न्यूमलॉक चालू करून ऑल्ट दाबून धरा आणि त्या गटातूनच आकडे टाका. ऑल्ट सोडला की अक्षर उमटतं. लागणारी अक्षरं एवढीच:

तिलचा ए ०२२७, तिलचा ओ ०२४५, शेपटीचा सी ०२३१.

उजवीकडे चढणाऱ्या रेघेचे: ए ०२२५, ई ०२३३, आय ०२३७, ओ ०२४३, यू ०२५०.

टोपीचे: ए ०२२६, ई ०२३४, ओ ०२४४.

उलट्या रेघेचा ए ०२२४.

मोठं अक्षर हवं असेल तर आकड्यातून ३२ वजा करा. शेपटीचा छोटा सी ०२३१, मोठा ०१९९. वरच्या सगळ्या अक्षरांना हे लागू आहे, त्यामुळे पाठ करायचे आकडे निम्मे झाले. सुरुवातीचं शून्य गाळू नका. ते गाळलं तर संगणक दुसऱ्याच जुन्या यादीत पाहतो आणि भलतं चिन्ह देतो.

लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा गट बहुधा नसतो. तिथे भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजीसाठी "युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल" हा कळफलक जोडून घ्या. त्यात अवतरणाची, तिलची आणि टोपीची कळ दाबली की लगेच काही उमटत नाही. ती पुढच्या अक्षराची वाट पाहते. तिल आणि ए, झाला तिलचा ए. एकेरी अवतरण आणि सी, झाला शेपटीचा सी. एकेरी अवतरण आणि ओ, आजीचा ओ. टोपी आणि ओ, आजोबांचा. नुसतं अवतरणचिन्ह हवं असेल तर त्या कळीनंतर स्पेस दाबायचा. हे ठाऊक नसेल तर पहिल्या दिवशी कळफलक बिघडला असंच वाटतं.

मॅकवर ऑप्शन आणि सी दाबलं की शेपटीचा सी. ऑप्शन आणि एन, मग ए किंवा ओ, म्हणजे तिल. ऑप्शन आणि ई ने चढती रेघ, ऑप्शन आणि आय ने टोपी. लिनक्सवर कम्पोज कळ ठरवून घेतली की ती दाबून स्वल्पविराम आणि सी, किंवा तिल आणि ए.

आता पुन्हा तीच जुनी गोष्ट. तिलचा ए हाही दोन तऱ्हांनी बांधलेला असू शकतो: एकाच क्रमांकाचा अखंड, किंवा साधा ए आणि वर वेगळा तिल असा दोन क्रमांकांचा. वर दिलेल्या कळांनी अखंडच येतो. पण दुसरीकडून नकलून आणलेल्या मजकुरात, विशेषतः पीडीएफमधून आणलेल्यात, सुटा तिल येऊ शकतो. दिसायला फरक नाही. कऱ्हाड्यांचं जे झालं, तेच उद्या एखाद्या जुवांवचं होईल.

मंडळाने काय ठरवलं

आडवा रफार नेहमी टिंबाच्या ऱ ने. ॲ एका क्रमांकाचा. पाव-अर्धा-पाऊण दंडांनी. पोर्तुगीज अक्षरं खुणांसकट आणि अखंड. शोधासाठी शेजारी आणखी एक रकाना, त्यात खुणा नसलेलं साधं रूप, कारण शोधणाऱ्याच्या कळफलकावर तिल असेलच असं नाही. आणि नवा मजकूर चढवण्याआधी त्यातल्या बांधण्या एकसारख्या करून घेणं. या कामाला युनिकोडमध्ये ठरलेली पद्धत आहे, तिला एनएफसी म्हणतात. आमच्यातल्या एका सदस्याच्या मुलाने त्यासाठी छोटी आज्ञावली लिहून दिली. ती सुटा नुक्ता आणि सुटा तिल जोडून घेते. पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा रफार एनएफसीच्या कक्षेत येत नाही, तो ऱ मध्ये बदलायची वेगळी ओळ त्याला घालावी लागली. तुमच्याकडे कुणी असं काम करत असेल तर त्याला हे मुद्दाम सांगा, नाहीतर सगळं नीट झालं असं वाटेल आणि मुख्य दुखणं तसंच राहील.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही, सवयीची आहे. शोधात काही आलं नाही म्हणजे वहीत नाही, असं कुणालाही कळवायचं नाही. "या शब्दाने शोधलं, सापडलं नाही" एवढंच लिहायचं. आणि विचारणारा लांबून येणार असेल, तर पानं डोळ्यांनी चाळायची.

बडोद्याच्या बाईंना मी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं, सोबत त्या नोंदीचं छायाचित्र आणि देवळापर्यंतची वाट. ती नोंद त्यांच्याच घराण्याची, असं मी ठामपणे लिहिलेलं नाही, तेवढा पुरावा अजून हाती नाही. पण गोव्याचे कऱ्हाडे, फोंड्याकडचा देव आणि गायकवाडांचा मुलूख, एवढं तरी जुळतं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. रागावल्या नव्हत्या. यंदा गुडघे दुखतात, जमलं तर पुढच्या नाताळात येऊ, असं लिहिलं होतं. आमच्या देवळासमोरून त्या गेल्या वेळी मोटारीने दोनदा गेल्या होत्या, हेही त्यात होतं.